सुट्या भागांतून जुनी मातीतली येझदी बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमच्या घरामागच्या शेडमध्ये एक गाडी उभी आहे. येणारा प्रत्येक जण तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि साधारण तेच प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चूक झाली तर इंजिन जातं, नाहीतर पोलीस स्टेशनच्या चकरा सुरू होतात.

ही नेमकी कोणती गाडी आहे?

येझदी २५० मोटरसायकल. पण मातीच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांचं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जे रूप होतं, त्या रूपातली. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, उंच मडगार्ड, रुंद हँडल. दिवे आणि हॉर्न काढून फळीवर जपून ठेवले आहेत. चासी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून आली, इंजिन भंगारातून, पुढचे फोर्क तिसरीकडून, टाकी चौथीकडून. या सगळ्यांना एकत्र यायला तीन वर्षं लागली.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागल्या, १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिनाचा मूळ आराखडा चेक. ६५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर आणि त्याला धुराच्या दोन पुंगळ्या. जावाच्याच घरातली बहीण म्हणजे सीझेड ही चेक कंपनी. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या सीझेड मोटोक्रॉस (मातीच्या शर्यतीच्या) गाड्यांनाही एका सिलिंडरवर अशाच दोन नळ्या असायच्या. जोएल रोबेर या बेल्जियन स्वाराने १९६४ मध्ये २५० सीसी गटाचं जगज्जेतेपद सीझेडवर मिळवलं, पुढच्या वर्षी रशियाच्या व्हिक्टर आर्बेकोवनेही. दूधवाल्याच्या कॅन वाहणाऱ्या येझदीत त्या घराण्याचं रक्त आहे, आणि ते मला मातीत बघायचं होतं.

मग नवीन येझदी स्क्रॅम्बलरच का नाही घेतली?

२०२२ मध्ये आलेली ती गाडी ३३४ सीसीची, फोर-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारी आहे. चांगली आहे, रोज चालवायची असेल तर तीच घ्या. जुन्या येझदीशी तिचं नाव सोडून काही जुळत नाही, सुटे भागही नाही.

घरी वडिलांची चालू येझदी आहे. तीच कापली तर काम लवकर होईल ना?

होईल. पण नका कापू.

यावर मी वाद घालते आणि घालत राहीन. म्हैसूरचा कारखाना बंद होऊन जवळपास तीस वर्षं झाली. अख्खी, कागदांसकट, मूळ टाकी आणि मूळ पेटीसकट उरलेली प्रत्येक गाडी आता परत न होणारी आहे. मातीतली गाडी बांधताना माणूस पहिल्यांदा काय काढतो? मागचे मडगार्ड, बाजूच्या पेट्या, हेडलाइटचं नॅसेल (दिव्याभोवतीची खोळ), सीट. हेच भाग सगळ्यात दुर्मीळ आहेत आणि हेच पुढे भंगारात जातात. उलट, चासी गंजलेली पण सरळ, इंजिन सुटं, टाकीला भोक, अशा अनाथ भागांना मूळ रूपात परत नेणं कुणालाच परवडत नाही. त्यांच्यातून मातीची गाडी होते. माझा नियम असा: ज्या भागाला दुसरं घर उरलं नाही, तोच घ्यायचा. आणि चासीवर ग्राइंडर चालवायचा नाही. जे लावायचं ते नट-बोल्टने, म्हणजे उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटली तर एका दिवसात नेता यावी.

सुरुवात कोणत्या भागापासून करायची?

चासीपासून. त्यातही आधी कागद, मग लोखंड.

बहुतेकांना इंजिन आधी मिळतं आणि ते खुशीत घरी आणतात. इंजिन कुठेही मिळेल, कागद असलेली चासी मिळणार नाही. कागद नसलेल्या चासीला हात लावू नका, विकणारा कितीही जवळचा असो. चासीवरचा ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. रंगाचा थर असेल तर थिनरच्या बोळ्याने पुसून बघा. नंबरावर घासल्याची किंवा पुन्हा ठोकल्याची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा. चोरीची गाडी आहे का हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर तपासता येतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून गाड्या नागपुरात येतात. मध्य प्रदेशची नोंद असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याकडूनच काढून घ्या. पैसे दिल्यावर माणूस फोन उचलत नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. इंजिन दुसरं बसवलं असेल तर त्याचा नंबरही आरसीवर चढवावा लागतो, त्यामुळे इंजिनाची खरेदी पावती जपा, भंगारवाल्याच्या हातची असली तरी.

मग लोखंड. चासी सपाट फरशीवर ठेवून डोक्याच्या नळीपासून मागच्या स्विंगआर्मच्या बोल्टापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणायची. दोन दोऱ्यांतला फरक ३-४ मिमीच्या वर गेला तर चासी वाकलेली आहे. माझ्या पहिल्या चासीत ११ मिमी निघाला. ती गोठ्यातली नव्हे, त्याआधीची. तिचे पैसे गेले.

नागपुरात भाग कुठे शोधायचे?

दुकानात कमी, माणसांकडे जास्त. इतवारीत लोहाओळीत पत्रा, पट्टी, नळी, रॉड मापात मिळतात. बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग यांची दुकानं शहरात भरपूर आहेत. खरादकाम, बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं), आर्गन वेल्डिंग यासाठी हिंगणा एमआयडीसी. मोठे कारखाने एक-दोन नगांचं काम घेत नाहीत, लहान शेडवाले घेतात. जाताना तुटका नमुना आणि हाताने काढलेलं माप दोन्ही न्या. नुसता फोटो दाखवला तर टर्नर काका चहा पाजून परत पाठवतात.

खरे येझदीचे भाग मात्र जुन्या मिस्तरींच्या माळ्यावर असतात. ज्या मिस्तरींनी ऐंशीच्या दशकात येझदी दुरुस्त केल्या ते आता सत्तरीत आहेत, त्यांची मुलं इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करतात, आणि माळ्यावरची पोती कुणी उघडत नाही. कामठीच्या एका काकांकडे मी चार वेळा नुसती बोलायला गेले. पाचव्या वेळी ते म्हणाले, “ताई, वर चढा, जे दिसल ते उतरवा.” एका पोत्यात न वापरलेला गिअरचा जोड निघाला, कारखान्याच्या ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला. त्यांनी भंगाराचा भाव सांगितला, मी तो दिला नाही. मालाची खरी किंमत त्यांना सांगितली आणि तीच दिली. असं केलं की पुढचा भाग मिळाल्यावर फोन तुम्हालाच येतो.

बेअरिंगबद्दल एक सांगते, कारण इथे लोक उगाच जास्त पैसे घालवतात. ‘जावाचं बेअरिंग’ असं काही नसतं. बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला नंबर जगभर तोच असतो. ६२०४ म्हणजे आतून २० मिमी, बाहेरून ४७ मिमी, जाडी १४ मिमी. ६३०५ म्हणजे २५, ६२ आणि १७. दुकानात जाऊन नंबर सांगा, गाडीचं नाव सांगू नका. क्रँकसाठी (पिस्टनची वर-खाली धाव फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यासाठी) घेताना ‘सी-३’ मागा. त्यात आतली मोकळीक थोडी जास्त असते, इंजिन तापल्यावर बेअरिंग आवळत नाही.

परदेशातून भाग मागवता येतात का?

नवे भाग मागवता येतात. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावांसाठी आजही पिस्टन, सील, रबर, केबल, गॅस्केट नव्याने बनतात. वापरलेल्या जुन्या भागांचं तसं नाही: आयात धोरणात जुन्या वापरलेल्या मालावर निर्बंध आहेत आणि परवाना लागतो. म्हणून ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून कुणाचं खोललेलं इंजिन युरोपातून मागवायच्या फंदात पडू नका, ते कस्टममध्ये अडकेल.

पार्सलवर मोटरसायकलचे सुटे भाग म्हणून ८७१४ हा कोड आणि खरी किंमत लिहायला विक्रेत्याला सांगा. कुरिअरवाले तुमचं केवायसी मागतात, ते लगेच द्या. ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरची हाताळणी धरून वस्तूच्या किमतीवर भरपूर चढतं, त्यामुळे दोन-तीन लहान पार्सलांऐवजी एकच मोठं मागवा.

आणि मागवण्याआधी व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावा. म्हैसूरला वर्षानुवर्षं बारीक बदल होत गेले, चेक जावाचा प्रत्येक भाग येझदीला बसतोच असं नाही. मी ऑइल सीलचा एक संच नावावरून मागवला आणि दोन सील १ मिमीने मोठे निघाले. विक्रेत्याची चूक नव्हती, मी मोजलं नव्हतं.

इंजिन उघडल्यावर काय काय बघायचं?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी म्हणजे पंप असतो. पिस्टन वर जाताना खालून पेट्रोल-हवा ओढली जाते, खाली येताना ती दाबून सिलिंडरमध्ये ढकलली जाते. पेटी हवाबंद नसेल तर बाकी कितीही चांगलं काम केलं तरी व्यर्थ. क्रँकच्या दोन बाजूंची दोन सील सगळं ठरवतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं: पांढरा दाट धूर, प्लग काळा ओला, गिअरबॉक्समधलं तेल कमी. हे दिसतं, म्हणून बरं. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते आणि दिसत काहीच नाही. मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो, आणि एका चढावर तो सिलिंडरला चिकटून इंजिन जाम होतं. माझं पहिलं इंजिन असंच सीझ झालं. बोअर ताजा होता, पिस्टन नवा होता, आणि सील ‘बरं दिसतंय’ म्हणून मी जुनंच ठेवलं होतं.

आता मी इंजिन बांधल्यावर दाबाची चाचणी केल्याशिवाय किक मारत नाही. इनटेक बंद करायचं, दोन्ही एक्झॉस्ट बंद करायचे (लोक एक बंद करून दुसरा विसरतात), सायकलच्या ट्यूबचं रबर आणि पत्र्याची पट्टी पुरते. मग ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची आणि ६ मिनिटं बघत बसायचं. दाब मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधायची. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. डॉक्टरांचं जुन्या पद्धतीचं, डायल आणि फुगा असलेलं रक्तदाबाचं यंत्र चालतं: त्याची डायल ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जाते, म्हणजे ५.८ पीएसआय. आमच्या आईचं यंत्र गेलं त्या कामाला, तिला नवीन आणून दिलं.

क्रँक हा प्रेसने बसवलेला असतो. कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग वर-खाली ओढून बघा. वर-खाली जरा जरी खेळ लागला तर रॉड किट बदलायचं. आजूबाजूला थोडा सरकला तर काळजी नाही. पुन्हा प्रेस केल्यावर क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावायचा. फिरताना ०.०५ मिमीच्या वर आऊट, म्हणजे वाकडा, असेल तर तो क्रँक इंजिनात घालू नका. नागपुरात हे काम मनापासून करणारे हात मोजकेच आहेत आणि त्यांच्याकडे रांग असते, पण थांबा.

बोअरिंग करताना पिस्टन आधी विकत घ्या आणि बोअरवाल्याच्या हातात द्या. तो पिस्टन मोजेल आणि त्याच्या मापाने सिलिंडर काढेल. मूळ मापाहून ०.२५, ०.५०, ०.७५ मिमी मोठे अशा पिस्टनच्या पायऱ्या असतात, पण डब्यावरच्या आकड्यावर सिलिंडर काढून घेऊ नका, दोन कंपन्यांचे ‘०.५०’ सारखे नसतात. बोअरिंग झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा बारीक फाइलने किंचित मोडून घ्यायच्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. मग सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने धुवायचा, पांढऱ्या कपड्यावर काळं येणं थांबेपर्यंत. लगेच तेल लावायचं. आपल्या पावसाळ्यात ओतीव लोखंडाचा कोरडा बोअर एका रात्रीत लाल होतो.

पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन?

पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघड-बंद होणारे जुने संपर्क, नीट जुळवले, ०.४ मिमी गॅप ठेवला, तर ते चांगले चालतात आणि रस्त्यात कुठेही दुरुस्त होतात. मातीत मात्र धूळ आणि आदळआपट असते, बॅटरीही नको असते. चेक कंपनी वापेचं जावासाठीचं १२ व्होल्टचं किट बॅटरीशिवाय ठिणगी देतं. मी तेच लावलं. जुना डायनॅमो डब्यात ठेवला आहे. टायमिंग दोन्ही प्रकारांत डायल गेजनेच लावा, कानाने नाही.

नागपूरच्या उन्हात गाडी गरम होऊन बंद पडते. कार्ब्युरेटर कसा लावायचा?

इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असताना हवा जड असते. मेच्या दुपारी ४५ अंशांत तीच हवा सुमारे ११ टक्के हलकी होते. जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेवढंच, हवा कमी, म्हणून उन्हाळ्यात मिश्रण घट्ट पडतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं: गाडी जड वाटते, घुरघुरते, प्लग काळा होतो. मग मिस्तरी जेट बारीक करून देतात आणि मजा येते. तीच गाडी डिसेंबरात पहाटे पूर्ण थ्रॉटलवर नेली की पिस्टन जातो. म्हणून जेट हिवाळ्यातल्या थंड सकाळी ठरवायचे आणि उन्हाळ्यात थोडा जडपणा सोसायचा.

जुळवताना थ्रॉटल ग्रिपवर टेपची पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. बंद ते एक अष्टमांश पायलट जेटचं राज्य, एक अष्टमांश ते पाव स्लाइडच्या कापाचं, पाव ते पाऊण सुईचं, आणि त्यापुढे मेन जेटचं. गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते बघा आणि तेवढंच बदला. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचं वेगळं बघावं लागतं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर जुने जेट पातळ पडतात, मी मेन जेट दोन पायऱ्यांनी वाढवला. इथेनॉल पाणीही शोषतं, जुनी रबरं फुगवतं. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करा. तेल मिसळलेलं पेट्रोल डब्यात साठवू नका, लागेल तेवढंच ताजं करा. माझं प्रमाण २५ ला १, म्हणजे लिटरमागे ४० मिली. तेल जासो एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) दर्जाचं.

पुंगळ्या कुठे बनवल्या?

हिंगण्याला. टू-स्ट्रोकची पुंगळी ही नुसती धूर बाहेर नेणारी नळी नसते. पोटाकडे रुंद होत जाणारा शंकू दाबाची लाट उलटी फिरवून जळका वायू ओढून घेतो, आणि पुढचा अरुंद होत जाणारा शंकू दुसरी लाट परत पाठवून निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी पन्नासच्या दशकात हे शास्त्र हाताळलं. १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला आणि ती विद्या जपानला पोचली. येझदीला दोन एक्झॉस्ट असल्यामुळे दोन्ही पुंगळ्यांची लांबी आणि पोट अगदी सारखं लागतं. १ मिमी सीआर पत्र्याचे शंकू कागदावर उलगडून काढले, कापले, वाकवले, आर्गनने जोडले. पहिली जोडी उंचावरून नेली होती, मांडी भाजली. दुसरी जोडी खालून नेली आणि तिच्याखाली ३ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावला.

चाकं आणि सस्पेन्शन किती बदललं?

चाकं बदलली, सस्पेन्शन जवळपास नाही. १९७३ मध्ये स्वीडनच्या हाकान आंदेर्सोनने यामाहाच्या मोनोशॉकवर (मागे दोनऐवजी एकच शॉक) २५० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. ती कल्पना ल्युसियाँ टिल्केन्स या बेल्जियन इंजिनिअरची. त्यानंतर मातीच्या गाड्यांची चाकं हातभर वर-खाली हलू लागली. माझी गाडी त्याच्या आधीच्या काळातली आहे आणि तशीच राहणार. मागे दोन शॉक, तेवढे मजबूत स्प्रिंगचे घेतले. पुढच्या फोर्कमध्ये नवे बुश, नवे सील, जाड तेल. मोनोशॉक लावला तर गाडी वेगाने पळेल, पण मग ती ही गाडी राहणार नाही.

२१ इंची रिम आता शोधावी लागत नाही. हीरोच्या एक्सपल्सला पुढे २१ आणि मागे १८ इंचच असतात, त्यामुळे टायरही सहज मिळतात. आधी हबची भोकं मोजा. ३६ असतील तर रिमही ३६ भोकांचीच हवी. स्पोक मापाने बनवून घ्यावे लागतात. चाक बांधून आऊट काढणारे जुने कारागीर सायकलच्या दुकानांत भेटतात. ब्रेक ड्रमच ठेवले, लायनर नवे चिकटवून घेतले. नाल्यातून गेल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक लागत नाहीत, हे पायाला शिकवावं लागतं.

ती किक आणि गिअरचा एकच दांडा असतो, त्याचा त्रास होत नाही का?

सवय होते. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्याचा स्क्रू बरोबर लावला असेल तर मातीत तो फायद्याचाच. पडल्यावर दांडा वाकतो, म्हणून एक जादा बरोबर ठेवते.

पावडर कोटिंग करू का?

चासीला नको. थर जाड बसतो, चासी नंबर बुजतो आणि आरटीओत उत्तरं द्यावी लागतात. साधा प्रायमर आणि रंग मारा. सँडब्लास्टिंग चासीचं करा, क्रँकच्या पेटीचं करू नका. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला की बेअरिंग संपलं.

ही गाडी रस्त्यावर चालवता येते का? व्हिंटेज नोंदणी मिळेल?

या रूपात रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. मी ती छोट्या हत्तीत घालून नेते.

व्हिंटेजची नोंदणी वेगळी गोष्ट आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. म्हणजे १९७८ ची पहिली रोडकिंग २०२८ मध्ये पात्र होईल. वडिलांची गाडी कापू नका असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण आहे.

चालवता कुठे?

ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर, त्याला विचारून, पिकं निघाल्यावर. मुरमाड जमीन उत्तम. काळी माती कोरडी असेपर्यंत ठीक, पाऊस पडला की ती चाकात आणि मडगार्डमध्ये इतकी भरते की चाक फिरत नाही. म्हणून पुढचं मडगार्ड टायरपासून वीतभर वर आहे.

शहराबाहेर झुडपं असलेली मोकळी जमीन दिसली म्हणून गाडी घालू नका. आपल्या विदर्भात ती बहुतेकदा ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली असते, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचं ठरवलं. गोरेवाडा, उमरेड-कऱ्हांडला, पेंच, बोर यांच्या आसपास तर विचारही नको. मोराची अंडी जमिनीवर असतात, तितराचीही. टू-स्ट्रोकचा आवाज दोन किलोमीटर जातो.

किती खर्च आला?

मला सव्वादोन लाखांच्या आसपास, त्यात वाकलेली चासी आणि सीझ झालेलं पहिलं इंजिन धरून. सगळ्यात जास्त पैसे इंजिनात आणि चाकांत गेले. परदेशी पार्सलांनी अंदाजापेक्षा जास्त खाल्लं. रंगाला सगळ्यात कमी लागले, आणि लोक कौतुक रंगाचंच करतात.

मला मेकॅनिकचं काम येत नाही. जमेल का?

मलाही येत नव्हतं. व्हर्नियर, डायल गेज आणि टॉर्क पान्हा आधी घ्या, बाकी हळूहळू. सुटा केलेला प्रत्येक बोल्ट नाव लिहून डबीत टाका. आणि एप्रिल ते जूनमध्ये शेडमधलं काम बंद ठेवा. ४५ अंशांत माणूस चिडतो आणि चिडून आवळलेला बोल्ट ॲल्युमिनियमचे आटे खातो.

पहिल्यांदा सुरू करताना काय जपायचं?

सुरू करा, सिलिंडरच्या पंखांना बोट टेकवता येणार नाही इतकं तापू द्या, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. हे तीनदा. मग थंड इंजिनावर हेडचे नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळा. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर जायचं नाही, आणि एकाच वेगाने लांब ओढायचंही नाही. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडू नका: तेल पेट्रोलातूनच येतं, थ्रॉटल बंद म्हणजे तेलही बंद. मधूनमधून थोडा थ्रॉटल देत उतरा.

उरलेल्या भागांचं काय केलं?

काही दिले, काही आहेत. सध्या माझ्याकडे हेडलाइटचं एक नॅसेल, डाव्या बाजूची पेटी झाकणासकट, मागचं मूळ मडगार्ड आणि १६ इंची चाकांची जोडी पडून आहे. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडे कुणी मूळ रूपातली गाडी उभी करत असेल आणि यातलं काही अडलं असेल, तर येऊन घेऊन जावं. नॅसेलला उजवीकडे एक बारीक चीर आहे, ती आर्गनने भरता येईल.